जेवायला येताना आपला चाकू

आमच्या मुलीचे सासर फ्रान्सच्या दक्षिणेकडील आवेरों जिल्ह्यात आहे. आम्ही पहिल्यांदा तिकडे गेलो, तेव्हा व्याह्यांनी आम्हाला गावातल्या खानावळीत जेवायला नेले. टेबलावर काटे, चमचे, सुऱ्या सगळे व्यवस्थित मांडलेले होते. पाव आला तसा व्याह्यांनी खिशात हात घातला, घडीचा चाकू काढला, उघडला आणि ताटाच्या उजव्या बाजूला ठेवला. खानावळीची सुरी अलगद बाजूला सारली. आमच्या सौ. माझ्याकडे बघू लागल्या. "इथल्या सुरीला काय झालंय? स्वच्छ नाही का?" त्यांनी हळूच मराठीत विचारले. मुलगी हसली. "आई, त्यांचा तो रोजचा चाकू आहे. कुठेही जेवले तरी त्यांना तोच लागतो."

आम्हाला वाटले होते, हा खानावळीवरचा अविश्वास असावा. प्रत्यक्षात तो त्या भागाचा जुना रिवाज निघाला. आपल्या मंडळातील अनेक घरांतली मुले आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी युरोपात आहेत, आणि आपणही त्यांच्याकडे जातो-येतो. तेव्हा हा रिवाज काय आहे आणि तो कुठे पाळावा, कुठे पाळू नये, हे माहीत असलेले बरे.

अन्न यजमानाचे, चाकू पाहुण्याचा

युरोपात कित्येक शतके यजमान अन्न, पेय आणि बसायला जागा देई. चाकू मात्र पाहुण्याने आपला आणायचा असे. तो कमरेच्या पट्ट्याला लटकवलेला असायचा. दिवसा त्याच चाकूने दोर कापायचा, काठी तासायची आणि जेवताना मांस कापायचे. काट्याचा वापर सर्वत्र नव्हता. इंग्रज प्रवासी थॉमस कोरिएट 1608 मध्ये इटलीत गेला, तेव्हा तिथली माणसे जेवताना काटा वापरतात याचे त्याला नवल वाटले आणि 1611 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने ते मुद्दाम लिहिले. काटा नसेल तर तुकडा उचलायचा कसा? चाकूच्या टोकाने. म्हणून तेव्हाचे चाकू टोकदार असत.

टोकदार चाकू आणि मद्य एकाच टेबलावर आले की भांडण जिवावर बेतायला वेळ लागत नसे. 1669 मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने टोकदार चाकूंवर बंदी घातली. आज जेवणाच्या सुरीचे टोक गोल दिसते, त्यामागे हाही इतिहास आहे. पुढे श्रीमंत घरे आणि खानावळी स्वतःच सुऱ्या मांडू लागल्या आणि शहरांतून पाहुण्याचा चाकू गेला. गावांत मात्र तो टिकला, कारण शेतकऱ्याला आणि गुराख्याला तो दिवसभर लागायचाच. मग जेवायला दुसरा कशाला घ्यायचा?

हे वाचून आपल्यातील वडीलधाऱ्यांना गावजेवण आठवेल. भंडाऱ्याचे आमंत्रण देताना "येताना ताट, वाटी, तांब्या घेऊन या" असे सांगत. त्यात यजमानाचा कमीपणा नव्हता आणि पाहुण्याचाही नव्हता. स्वयंपाक गावाचा, भांडे आपले. तसेच पानाच्या चंचीचे. आजोबा कुणाकडेही जेवायला गेले तरी सुपारी कातरायला अडकित्ता स्वतःचाच काढत. हाताला बसलेली वस्तू ती, दुसऱ्याच्या अडकित्त्याने त्यांचे समाधान होत नसे. व्याह्यांचा चाकू मला त्याच जातीचा वाटला.

आपल्या ताटाशेजारी चाकू आला नाही, याचे कारण आपल्या स्वयंपाकात आहे. जे काही चिरायचे ते विळीवर, गोव्याकडच्या भाषेत आदोळीवर, आधीच चिरून होते. पानात येणारा प्रत्येक पदार्थ हाताने मोडता किंवा कालवता येतो. चिरण्याचे काम आपण स्वयंपाकघरात ठेवले, युरोपाने त्यातले बरेचसे टेबलावर आणले. म्हणून जेवणात चाकू दिसला की आपण दचकतो.

लायोल आणि ओपिनेल

फ्रान्समध्ये खिशातले दोन चाकू विशेष प्रसिद्ध आहेत. पहिला लायोल. लायोल हे आवेरों जिल्ह्यातील, ओब्राक पठारावरचे एक छोटे गाव. तिथे 1829 मध्ये पिएर-जां काल्मेल याने या चाकूची सुरुवात केली असे मानले जाते. सडपातळ वळणदार मूठ आणि पाठीवरच्या पट्टीला छोटी माशी ही त्याची ओळख. पुढे त्याला एक जाड सुई जोडली गेली. ओला चारा खाऊन फुगलेल्या गुरांच्या पोटातला वायू काढायला गुराखी ती वापरत. 1880 च्या सुमारास बाटलीचे बूच काढण्याचा मळसूत्री स्क्रूही आला. एक सावधगिरी बाळगा: पात्यावर "लायोल" कोरले म्हणून चाकू त्या गावात बनलेला असतोच असे नाही. बरेचसे तिएर या चाकू-सुऱ्यांच्या जुन्या शहरात बनतात, आणि स्वस्तातले तर पार परदेशातून येतात. घ्यायचा असेल तर बनवणाऱ्याचे नाव पाहून घ्यावा.

दुसरा ओपिनेल. आल्प्समधल्या साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेल या तरुणाने तो 1890 मध्ये बनवला. लाकडी मूठ, एक पाते, बस्स. 1897 पासून त्याला आकारानुसार 1 ते 12 असे क्रमांक मिळाले. सर्वांत जास्त चालणाऱ्या 8 क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे असते. 1955 मध्ये त्याला फिरणारी कडी बसवली. ती वळवली की पाते जागच्या जागी घट्ट राहते आणि बोटावर मिटत नाही.

जुन्या पद्धतीचे पाते साध्या पोलादाचे असते. धार उत्तम लागते, पण लिंबू, टोमॅटो, कैरी कापून तसेच ठेवले तर ते काळे पडते. विळीचे जे पथ्य तेच याचे: वापरले की लगेच पुसून कोरडे करायचे. कुणाला हा त्रास नको असेल तर स्टेनलेस पात्याचा चाकूही मिळतो.

टेबलावरची रीत

व्याह्यांकडून मला चार गोष्टी शिकायला मिळाल्या. चाकू उघडून ताटाच्या उजवीकडे ठेवायचा, धार आतल्या बाजूला. बोलताना तो हातात धरून हातवारे करायचे नाहीत. चिनी मातीच्या ताटावर जोर देऊन कापायचे नाही, त्याने धार बोथट होते. पाव किंवा चीज लाकडी पाटीवर कापायचे. आणि जेवण झाले की पाते पावाच्या तुकड्याने पुसून चाकू मिटवायचा.

मिटवण्याचा तो आवाज महत्त्वाचा. तिकडच्या शेतकरी घरांत कर्त्या पुरुषाने चाकू मिटवला की जेवण संपले असे समजत आणि सगळे उठत. आपल्याकडे पंगतीत वडीलधारे उठल्याशिवाय कुणी उठत नसे, तसेच हे.

हा रिवाज मोठ्या हॉटेलांनीही टाकलेला नाही. लायोलजवळच्या ब्रास कुटुंबाच्या जगप्रसिद्ध रेस्टॉरंटात इतर काटे-चमचे प्रत्येक पदार्थाबरोबर बदलतात, पण चाकू शेवटपर्यंत एकच ठेवतात. गुराख्यांच्या सवयीचा तो मान आहे.

कुठे चालेल, कुठे नाही

इथे मात्र सांभाळून वागायला हवे. फ्रान्समध्येही योग्य कारण नसताना चाकू बाळगणे गुन्हा ठरू शकतो. सहलीच्या डब्यासोबतचा चाकू वेगळा, रात्री शहरात खिशात ठेवलेला वेगळा. इंग्लंडचा कायदा आणखी कडक आहे: घडीचा, न अडकणारा आणि 3 इंचांपेक्षा म्हणजे 7.62 सेंटिमीटरपेक्षा लहान धारेचा चाकूच सबळ कारणाशिवाय जवळ ठेवता येतो. 8 क्रमांकाचा ओपिनेल लांबीतही बसत नाही आणि कडीमुळेही बसत नाही. फ्रान्समधून लंडनला मित्राकडे जाणाऱ्या मुलांना हे आवर्जून सांगा.

आपल्याकडे शस्त्र कायद्याच्या नियमांनुसार 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याला, ते घरगुती वा शेतीकामाचे नसेल तर, परवाना लागतो. खिशातला लहान चाकू या मापात येत नाही. तरीही सणासुदीला आणि निवडणुकीत पोलीस आयुक्त शस्त्रबंदीचे आदेश काढतात. मॉल, मेट्रो, कचेरी, न्यायालय इथल्या तपासणीतही चाकू अडतो. विमानात तो हातातल्या सामानात कधीच चालत नाही. आत टाकायच्या बॅगेतच ठेवावा. आठवण म्हणून घेतलेले कितीतरी चाकू असे तपासणीच्या टेबलावर सोडून यावे लागतात.

आणि कायद्याइतकेच समोरच्याच्या मनाचेही पाहावे. आपल्या गावातल्या हॉटेलात चाकू काढला तर शेजारच्या टेबलावरची मुले घाबरतील आणि वेटर मालकाला बोलावेल. रीत जिथली तिथेच शोभते.

एक नाणे

निघताना व्याह्यांनी मला एक ओपिनेल भेट दिला आणि हात पुढे करून एक नाणे मागितले. मी गोंधळलो. मुलीने सांगितले की चाकू फुकट दिला तर मैत्री तुटते असे इथे मानतात, म्हणून तो "विकायचा" असतो. सौ.ना हे लगेच पटले. कात्री नुसती वाजवली की घरात भांडणे होतात, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. त्यांनी पर्समधून दोन रुपयांचे नाणे काढून व्याह्यांच्या हातावर ठेवले.

पुढच्या वर्षी व्याही आमच्याकडे आले, तेव्हा त्यांचा चाकू बॅगेत होता. पंगतीत त्यांनी तो काढला नाही; उजव्या हाताने वरण-भात कालवायला शिकले. जेवण झाल्यावर आम्ही आंबे आणले, तेव्हा मात्र आमच्या सौ.च म्हणाल्या, "आता काढा तुमचा चाकू." त्यांनी सगळ्यांचे आंबे कापले, पाते पुसले आणि चाकू मिटवला. तो आवाज ऐकून आम्ही सगळे उठलो.