विज्ञान शाखेत आपली मुले मागे का पडतात?

दरवर्षी जून उजाडला की सीमाभागातल्या गावागावांत एक ठरलेले दृश्य दिसते. मराठी शाळेतून दहावीला चांगले गुण मिळवलेला मुलगा शहरातल्या कॉलेजात पी.यू.सी. विज्ञान शाखेला जातो. घरात पेढे वाटले जातात. पहिल्या चाचणीचे गुण हाती आले की तोच मुलगा घरात कुणाशी बोलेनासा होतो. दिवाळीपर्यंत त्याच्या तोंडी शाखा बदलण्याची भाषा येते. मग घरातली वडीलधारी मंडळी निकाल देऊन टाकतात, "मराठी शाळेत घातलं तिथंच चुकलं." पुढच्या वर्षी धाकटी बहीण इंग्रजी शाळेच्या गाडीत बसते आणि मराठी शाळेचा पट आणखी एकाने उतरतो.

हा निकाल बरोबर आहे काय? आमचा अनुभव वेगळा आहे.

गेल्या वर्षी असाच एक माजी विद्यार्थी आमच्या दारात येऊन उभा राहिला. "सर, डोस्कं चालंना. नाव काढून शेतात जातो," एवढेच म्हणाला. शाळेत लसावि-मसावि तोंडी सांगणारे हे डोके दोन महिन्यांत बंद कसे पडले? आम्ही वही मागितली. फळ्यावरचे इंग्रजी वाक्य न् वाक्य सुंदर अक्षरात उतरवलेले होते. पानाच्या डोक्यावर शब्द होता, 'लिमिट'. अर्थ विचारला तर मान खाली.

आम्ही त्याला खोल विहिरीवर नेले आणि एक दगड सोडला. दोन सेकंदांनी आवाज आला. पाणी किती खोल? त्वरणाची निमपट गुणिले काळाचा वर्ग, हे सूत्र त्याला मराठीत पाठ होते. उत्तर आले १९.६ मीटर. म्हणजे सरासरी वेग सेकंदाला ९.८ मीटर. पण दगड पाण्याला लागला त्या क्षणी वेग किती? शेवटच्या अर्ध्या सेकंदाची सरासरी काढली, १७.१५. शेवटच्या दशांश सेकंदाची १९.११. शतांश सेकंदाची १९.५५. पोरगा थांबला आणि म्हणाला, "सर, हे १९.६ च्या जवळ जवळ चाललंय, पण ओलांडंना." आम्ही म्हणालो, "यालाच गणितात सीमा म्हणतात. तुझं लिमिट ते हेच." सीमेवरच्या गावात वाढलेल्या मुलाला हा शब्द आणखी समजावून सांगावा लागला नाही.

विचार ओळखीचा होता, शब्द तेवढा परका होता. घटनेच्या ३५० अ कलमाने १९५६ साली भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगितले. कॉलेजच्या उंबरठ्यावर मात्र मूल एकटे पडते. मधला पूल कुणी बांधलाच नाही. तो आपणच बांधला पाहिजे.

एकटे पडणे हे दुसरे कारण, आणि ते केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकात उरी ट्राइसमन या गणिताच्या शिक्षकाने पहिल्या वर्षाच्या मुलांचा अभ्यास जवळून पाहिला. कृष्णवर्णीय मुले कलनशास्त्रात मोठ्या संख्येने नापास होत. गरिबी, कच्ची तयारी, घरची अनास्था अशी कारणे सांगितली जात. ट्राइसमन यांना दिसले ते निराळेच. ही मुले मेहनत करीत, पण एकटीच. चिनी वंशाची मुले मात्र संध्याकाळी एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत. ट्राइसमन यांनी कच्च्या मुलांची शिकवणी काढली नाही. गट करून त्यांच्यापुढे अवघड गणिते ठेवली. मुले उत्तीर्ण तर झालीच, पण वरचे गुणही मिळवू लागली. पुढे २०१४ साली २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. नुसते व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत शंभरात सुमारे ३४ नापास होत. जिथे मुले स्वतः सोडवतात व चर्चा करतात, तिथे सुमारे २२.

यातून आम्ही गावात तीन गोष्टी सुरू केल्या. पहिली, दुभाषी वही. एका बाजूला व्हेलॉसिटी, मोमेंटम, फंक्शन, व्हॅलन्सी. समोर वेग, संवेग, फल, संयुजा. आणि तिसऱ्या रकान्यात स्वतःचे उदाहरण. परीक्षा इंग्रजीतच द्यायची आहे, तेव्हा इंग्रजी शब्द टाळायचा नाही, त्याला अर्थ द्यायचा. दुसरी, रविवारची बैठक. चार-पाच जणांनी गणित आधी आपापले सोडवायचे, मग एकाने दुसऱ्याला मराठीत समजावायचे. हुशार आणि मागे पडलेले यांना वेगळे बसवायचे नाही. तिसरी, सुरुवात जूनमध्येच. नापास झाल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

याला निधी लागत नाही. शाळेची एक खोली, फळा, खडू आणि गावातला बी.एस्सी.चा किंवा इंजिनिअरिंगचा एखादा मुलगा दोन तास मिळाला की पुरे. पालकांनो, पहिल्या चाचणीचे गुण पाहून मुलाला "तुला डोकं नाही" असे म्हणू नका. वही मागा आणि कोणता शब्द अडला ते विचारा.

आमच्याकडे आलेला तो मुलगा वर्गात पहिला आला नाही, पण वार्षिक परीक्षेत गणितात उत्तीर्ण झाला. आता रविवारी नव्या मुलांना तोच विहिरीवर नेतो. त्याची धाकटी बहीण अजून आमच्याच शाळेत आहे.