दिव्यातला पहिला संसार: शिट्या, रेशन आणि रात्रीचा भात

ठाण्याजवळच्या दिव्यात भाड्यानं खोली घेतलेली पोरं म्हणतात, "सगळी भांडी जमली की घरी जेवण करू." तोवर वडापाव, नाहीतर महिन्याचा डबा. एकट्यादुकट्याला खरं तर तीन लिटरचा कुकर, लोखंडी तवा, कढई, पातेलं, पोळपाट-लाटणं, सुरी आणि मिसळणाचा डबा एवढ्यावर भागतं. ज्या चाळीत पाणी मोजकंच येतं, तिथे कमी भांडी म्हणजे घासायलाही पाणी कमी. नॉनस्टिकचा संच तर आधी घेऊच नये. लोखंडी तवा धुऊन लगेच कोरडा केला, तेलाचा हात फिरवला, की वापरून वापरून त्यावर घावनसुद्धा सुटतं.

दुसरा गैरसमज शिट्यांचा. "तूरडाळीला पाच शिट्या" हे माप घरोघरी चालतं, पण शिटी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर पडणं. बंद कुकरात दाब वाढला की पाणी 100 ऐवजी साधारण 120 अंशांपर्यंत तापतं, आणि डाळ शिजते ती त्या तापमानात किती वेळ राहिली यावर. मोठ्या आचेवर पाच शिट्या भराभर होतात, गॅस जातो आणि डाळ बोटचेपी होत नाही ती नाहीच. डाळ अर्धा तास भिजवा, पहिली शिटी झाली की आच बारीक करा आणि दहाएक मिनिटं ठेवा. मग वाफ आपसूक जिरू द्या. आमसूल डाळ शिजल्यावरच घाला, आंबटपणानं ती लवकर मऊ होत नाही. डाळीच्या डब्यावर तांदळाचा डबा ठेवला की एकाच शेगडीवर वरणभात होतो.

"पत्त्याचा पुरावा नाही, मग गॅस कुठून?" 5 किलोचा छोटा सिलिंडर एजन्सीत नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. किलोमागे तो 14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडतो, म्हणून वर्षभर राहायचं असेल तर भाडेकरारावर कनेक्शन घ्यावं. पण गल्लीतल्या दुकानात मोठ्यातून छोट्यात भरून देतात तो गॅस कितीही स्वस्त वाटला तरी घेऊ नका. ते बेकायदा आहेच, शिवाय जीवावर बेतणारं आहे.

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज रेशनचा. दिवा-सावंतवाडी गाडीनं येणारे कितीतरी जण धरून चालतात, की कार्ड गावचं म्हणजे धान्यही गावालाच. कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंब योजनेतलं असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेत इथल्या रेशन दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला 5 किलो, तेही जानेवारी 2023 पासून मोफत. आपला वाटा इथे उचलला तरी उरलेला घरच्यांना गावी घेता येतो. हा हक्क आहे, दुकानदारानं टाळलं तरी मागावाच.

घाऊक बाजारातून सगळंच महिन्याचं भरण्यात मात्र फायदा नाही. तांदूळ टिकतो, पण पावसाळ्यात दमट खोलीत रव्या-बेसनाला जाळी धरते.

आता भात. "सकाळी फोडणी दिली की रात्रीचा भात चालतो" हे फ्रीज असलेल्या घरात ठीक. बॅसिलस सीरियस या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही जगतात, उबेत वाढतात आणि त्यांचं एक विष परत गरम करूनही जात नाही. फ्रीज नसेल तर भात एका जेवणापुरताच लावा.

आणि मासे परवडत नाहीत म्हणणाऱ्यांनी सुक्या मासळीकडे वळावं. पावसाळ्यात मासेमारी बंद असतानाही तीच आगरी-कोळी घरांत साथ देते. मूठभर जवळा निवडून कोरडा भाजा, धुऊन पिळून घ्या. कढईत कांदा लाल झाला की हळद, तिखट, दोन आमसुलं आणि जवळा घालून परता. मीठ चव घेऊनच, कारण जवळा मुळात खारट असतो.