खिशातली पाच कड्यांची वही

आज ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती आत्ता माझ्या शर्टाच्या खिशात आहे. क्रेडिट कार्डाहून थोडी मोठी, पाच बारीक कड्या, आत पन्नासेक सुटी पानं. मी आयटी कन्सल्टंट. कंपन्यांचा डेटा बुडू नये याची व्यवस्था लावून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. असा माणूस कागदाची वही घेऊन फिरतो म्हणून माझी मुलगी हसते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही हसलो असतो.

त्या जानेवारीत आई पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. चौथ्या दिवशी जेवताना तिला चक्कर आली, घाम फुटला. ९११ ला फोन केला, अ‍ॅम्ब्युलन्स आली. आलेल्या माणसाने लगेच विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? रक्त पातळ करणारी एखादी आहे का? यादी माझ्याकडे होती. तिचा फोटो मीच काढला होता. पण तो फोनमधल्या हजारो फोटोंत कुठेतरी होता, आणि मी नुसता स्क्रीन सरकवत राहिलो. आईच्या फोनला कुलूप. तेवढ्यात आईच म्हणाली, "अरे, पर्समधली डायरी काढ."

बँकेने कधीतरी भेट दिलेली ती छोटी डायरी. आत आईच्या अक्षरात गोळ्यांची यादी होती. खरं तर तीन याद्या होत्या. एक खोडलेली, एक अर्धवट खोडलेली, एक समासात आडवी लिहिलेली. यातली चालू कुठली? आईला विचारून विचारून मी ती इंग्रजीत सांगितली. जेट लॅगच्या गोंधळात रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली गेली होती. सकाळपर्यंत आई ठीक झाली. मी मात्र त्या रात्रीचा हिशेब बरेच दिवस मांडत होतो.

फोनमध्ये सगळं होतं, पण हवं ते वेळेवर सापडलं नाही. डायरी लगेच सापडली, कारण ती लहान होती आणि म्हणून कायम पर्समध्ये होती. पण शिवलेल्या डायरीतलं जुनं पान जात नाही, त्यामुळे जुनं आणि नवं एकत्र नांदतं. मला हवी होती आईच्या डायरीएवढीच लहान, पण पान बदलता येईल अशी वही.

सुटी पानं आपल्याला नवी नाहीत. आजोळच्या देवघरातली पोथी आठवा. वर-खाली फळी, मध्ये सुटी पानं, भोवती कापड. फक्त पोथीचं पान वाऱ्याने उडतं, क्रम बिघडतो. कडीमुळे पान निघतंही आणि जागेवर राहतंही.

या कड्यांच्या वहीची गोष्ट आमच्या शेजारच्या फिलाडेल्फियात सुरू होते. बेंजामिन फ्रँकलिन याच शहरातला. त्याने १३ गुणांसाठी एक छोटी वही केली होती. प्रत्येक गुणाला एक पान, आठवड्याच्या सात दिवसांचे सात रकाने, चुकलं की काळा ठिपका. नवा फेरा सुरू करताना जुने ठिपके खरवडून खरवडून कागदाला भोकं पडली, तेव्हा त्याने तो तक्ता हस्तिदंती पानांवर उतरवला आणि शिसपेन्सिलीच्या खुणा ओल्या स्पंजाने पुसू लागला. आत्मचरित्रात त्यानेच हे लिहून ठेवलं आहे. रोज बदलणारी गोष्ट कायमच्या पानावर लिहिली की काय होतं, हे त्यालाही कळलं होतं.

पुढे १९१० च्या सुमारास याच शहरात लेफॅक्स नावाची सुट्या पानांची वही निघाली. ती इंजिनिअरांसाठी होती. कोष्टकं, सूत्रं, मापं छापलेली पानं विकत घ्यायची आणि कामाला लागतील तेवढीच खिशात ठेवायची. ती कल्पना लंडनला गेली. तिथे १९२१ मध्ये नॉर्मन अँड हिल ही कंपनी सुरू झाली, आणि तिच्या वहीला फाइलोफॅक्स हे नाव मिळालं. हे नाव सुचवलं ग्रेस स्कर या तिथल्या कर्मचारी बाईंनी. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात कंपनीचं ऑफिस कागदपत्रांसकट गेलं. पण ग्राहक आणि पुरवठादारांची नावं-पत्ते स्करबाईंनी स्वतःच्या फाइलोफॅक्समध्ये उतरवून ठेवले होते. त्यावरून धंदा पुन्हा उभा राहिला, आणि पुढे त्या कंपनीच्या अध्यक्षही झाल्या. माझ्या धंद्यात याला ऑफसाइट बॅकअप म्हणतात आणि त्याचे भरपूर पैसे घेतात.

आता आकार. फाइलोफॅक्सचं 'पर्सनल' पान ९५ बाय १७१ मिलिमीटर आणि सहा कड्यांचं. 'पॉकेट' ८१ बाय १२०, त्यालाही सहा कड्या. सगळ्यात छोटं 'मिनी', ६७ बाय १०५, पाच कड्यांचं. पर्सनल बॅगेत राहतं आणि बॅग गाडीत राहते. मिनी अंगावर राहतं. १९९६ च्या पाम पायलटआधी जेफ हॉकिन्स शर्टाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा घेऊन फिरत होता. यंत्र तयार होण्याआधी त्याने खिसा तपासला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

मिनीच्या एका पानावर दहा-बारा ओळी बसतात. पहिले काही दिवस चिडचिड होते. मग लक्षात येतं की जागा नाही म्हणून आपण निवड करतोय. फ्रिजवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबापासून मुंजीच्या आमंत्रणापर्यंत सगळं मावतं, कारण ते भिंतीवर राहतं. खिशात न्यायचं तेवढंच, जे घराबाहेर अडलं तर लागेल.

विकत घ्यायच्या आधी घरीच करून बघा. अमेरिकेतला लेटर साइझचा कागद आडवा धरला की त्यातून मिनीची आठ पानं निघतात, चारच्या दोन रांगा. भारतातल्या ए-फोरमधूनही आठच. वही घेतलीत की तिचं एक पान नमुना म्हणून वर ठेवायचं आणि एका भोकाच्या पंचने पाच भोकं पाडायची. जुनी वही घेणार असाल तर कड्या उघडून मिटून बघा. मिटल्यावर दोन टोकांत फट राहत असेल तर घेऊ नका. पान दरवेळी तिथे अडकून फाटतं.

माझ्या वहीत पहिलं पान आईचं. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची, इंग्रजी ठळक अक्षरांत. खाली अ‍ॅलर्जी, आणि कोपऱ्यात तारीख. तारीख विसरू नका, यादी ताजी आहे की नाही हे तीच सांगते. दुसऱ्या पानावर सहा फोन नंबर. माझ्या बायकोचा नंबर मला पाठ नव्हता, तुम्हाला तुमच्या घरचे आहेत का बघा. बाकी पानं रोजच्या कामांची, आठवड्याने काढून टाकायची.

आता माझ्या धंद्याचा इशारा. कागदाला पासवर्ड नसतो. वही हरवली तर सापडणारा माणूस ती वाचू शकतो. म्हणून पासवर्ड, बँकेचे आकडे, सोशल सिक्युरिटी नंबर यातलं काहीही तिच्यात लिहू नका. आणि फोन सोडा असंही मी म्हणत नाही. फोनवर कुलूप न उघडता दिसणारी वैद्यकीय माहितीची सोय असते, तीही आजच भरून ठेवा. दोन ठिकाणी नोंद असली की एक चुकलं तरी भागतं.

आईलाही मी तशीच वही पाठवली. डॉक्टरांनी औषध बदललं की ती जुनं पान काढते, नवं लिहिते आणि रविवारच्या फोनवर मला वाचून दाखवते. मी माझ्याकडचं पान बदलतो. गेल्या रविवारी म्हणाली, "एक गोळी कमी झाली रे, आता ओळ मोकळी आहे."

तुमचे आई-बाबा या उन्हाळ्यात येणार असतील, तर विमानतळावर जायच्या आधी हे एक पान लिहून ठेवा.