टेलिफोनची तार आणि घरांतील इंटरनेट

ज्या तारेवरून माणसाचा आवाज जात होता, त्याच तारेवरून पुस्तकें, चित्रें आणि परीक्षांचे निकाल घरांत येऊं लागले, ही गेल्या पिढींतील एक मोठी घटना होय. ती कशी घडली, तिचा लाभ कोणास झाला आणि कोण मागें राहिला, हें समजून घेण्यासारखें आहे.

आपल्या देशांत सामान्य नागरिकांस इंटरनेट खुलें झालें तें ता. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनें मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास अशा मोठ्या शहरांपासून आरंभ केला. पुढें नोव्हेंबर १९९८ मध्यें खासगी कंपन्यांसहि ही वाट मोकळी झाली. घरांत येण्याचें साधन मात्र जुनेंच होतें. तें म्हणजे टेलिफोन.

संगणकाची भाषा दोनच चिन्हांची, शून्य आणि एक. उलट टेलिफोनची सारी व्यवस्था मानवी आवाजासाठीं उभारलेली. सेकंदास सुमारें ३०० पासून ३,४०० पर्यंत कंपनें असलेले स्वरच ती वाहून नेते. म्हणून संगणकाच्या चिन्हांचे स्वर करणारें, आणि पलीकडून आलेल्या स्वरांचीं पुन्हां चिन्हें करणारें एक यंत्र मध्यें बसवावें लागे. त्यास मोडेम म्हणतात. नंबर लावल्यावर जी किरकिर व खरखर ऐकूं येई, ती दोन मोडेमांची बोलणीच होत. तार कितपत चांगली आहे आणि कोणत्या वेगानें बोलावयाचें, हें तीं यंत्रें त्या वेळीं ठरवीत असत.

पण आवाजाची जागा संगणकानें व्यापली म्हणजे माणसाच्या बोलण्यास जागा उरत नसे. मुलगा इंटरनेटवर बसला असतां सासरच्या मुलीनें आईस फोन केला, तर तिला लाइन गुंतलेली लागे. आईनें सहज रिसीव्हर उचलला, तर मुलाचें काम अर्ध्यावर तुटे. शिवाय खर्च दुहेरी होता. इंटरनेटचे तास विकत घ्यावयाचे ते निराळे, आणि टेलिफोनचा आकार मिनिटांच्या हिशेबानें वाढे तो निराळा. त्यामुळें घड्याळ समोर ठेवून वाचण्याची संवय घरोघर लागली. पान उघडावें, संबंध तोडावा, आणि मग सावकाश वाचावें, अशी ती रीत होती.

वेगाचा हिशेबहि पाहण्यासारखा आहे. एक मेगाबाइटचें छायाचित्र घेतलें, तर आरंभीच्या ९.६ किलोबिटांच्या वेगानें तें उतरण्यास जवळजवळ १४ मिनिटें लागत. पुढें ५६ किलोबिटांचे मोडेम आले. त्यांचा पूर्ण वेग मिळाला तरी सव्वादोन मिनिटांहून अधिक वेळ जाई, आणि पूर्ण वेग क्वचितच मिळे.

यानंतर आलेल्या ब्रॉडबँडनें जुनी तार टाकून दिली नाहीं. तांब्याच्या तारेंतून आवाजाच्या कितीतरी पटींनीं जलद कंपनें कांहीं मैल जाऊं शकतात; तीं आजवर कोणीं वापरलीं नव्हतीं इतकेंच. एका विहिरीच्या पाण्याचे दोन पाट काढावेत, तशी या तारेची विभागणी केली गेली. खालचीं कंपनें बोलण्यास, वरचीं संगणकास. घरांत एक लहानशी डबी दोहोंस वेगळें करी, आणि एक्स्चेंजमध्येंहि तशीच योजना असे. आतां फोन चालू असतांहि इंटरनेट चालूं लागलें, आणि दर वेळीं नंबर लावण्याचें कारण उरलें नाहीं.

सरकारनें ऑक्टोबर २००४ मध्यें ब्रॉडबँडचें धोरण जाहीर केलें. सदैव चालू असणारा आणि निदान २५६ किलोबिटांचा संबंध तो ब्रॉडबँड, अशी त्याची व्याख्या ठरली. जानेवारी २००५ मध्यें भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनीं ही सेवा सुरू केली. तें छायाचित्र आतां अर्ध्या मिनिटांत उतरूं लागलें. काळजी मात्र सरली नाहीं, तिनें रूप पालटलें. मिनिटांऐवजीं मेगाबाइट मोजले जाऊं लागले. कांहीं योजनांत रात्रीं दोनपासून सकाळीं आठपर्यंत मोजणी होत नसे; तेव्हां कित्येक घरांत संगणकाचें काम मध्यरात्रीनंतर सुरू होई.

या व्यवस्थेंत एक अडचण मूळचीच होती. जलद कंपनें तारेंत लवकर क्षीण होतात. एक्स्चेंजपासून चार-पांच किलोमीटरांपलीकडे तीं कामाचीं राहत नाहींत. त्यामुळें दूरच्या वाडीवर आवाज पोंचला, पण ब्रॉडबँड पोंचला नाहीं. शहरांत काचतंतूंच्या तारा आल्या, आणि २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाइलनें खेड्यांतहि इंटरनेट नेलें. परंतु घराची तार आणि खिशांतला फोन यांत अंतर राहिलेंच.

तें अंतर किती मोठें आहे, हें मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या तेव्हां उघड झालें. ज्या घरीं वेगवान संबंध होता, तेथें वर्ग भरला. जेथें एकच फोन आणि तोहि वडिलांबरोबर कामावर जाणारा, तेथें तीन भावंडांची शाळा संध्याकाळची वाट पाहत बसली. सह्याद्री वाहिनीवरून पाठ दाखविण्यांत आले, तें याच उणिवेसाठीं.

सप्टेंबर २०१९ मध्यें केरळच्या उच्च न्यायालयानें इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. जानेवारी २०२३ मध्यें ब्रॉडबँडच्या व्याख्येंतील किमान वेग दोन मेगाबिट करण्यांत आला. व्याख्या बदलणें सोपें असतें. ती शेवटच्या वाडीपर्यंत खरी करणें हें अवघड काम आहे, आणि मुलांच्या अभ्यासाचें भवितव्य त्यावरच अवलंबून आहे.