लाटेला साजेशी फळी

समुद्राच्या लाटेवर उभा राहून किनाऱ्याकडे झेपावणारा सर्फर पाहताना पाहणाऱ्याची नजर त्याच्या तोल सांभाळण्याच्या कौशल्यावर खिळते. त्याच्या पायाखालच्या फळीकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तुतः लाट मिळणे, तिच्यावर टिकणे आणि हवे तिथे वळणे या तिन्ही गोष्टी फळीच्या आकारावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात.

भारताच्या किनाऱ्यालाही हा खेळ आता अपरिचित राहिलेला नाही. कर्नाटकातील मुल्की, तमिळनाडूतील कोवलम व महाबलीपुरम, केरळातील वर्कला आणि गोव्याचे किनारे येथे सर्फिंगचे धडे दिले जातात. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला आणि तरुणांचे कुतूहल वाढले. मात्र चार दिवसांच्या शिकवणीनंतर स्वतःची फळी घेण्याची ऊर्मी येते आणि निवड चुकते ती इथेच. विजेत्यांच्या हाती दिसणारी आखूड, निमुळती, देखणी फळी नवशिक्यास भुरळ घालते. तिच्यावर त्याला एकही लाट धड मिळत नाही. दोष स्वतःचाच आहे असे समजून तो खेळ सोडतो आणि महागडी फळी घराच्या कोपऱ्यात धूळ खात पडते.

हवाईचा वारसा

फळीच्या आकाराचा विचार फार जुना आहे. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर पूर्वी दोन प्रकारच्या फळ्या विशेष प्रचलित होत्या. ‘ओलो’ ही लांबलचक व जाड फळी प्रामुख्याने प्रमुख घराण्यांची मानली जाई. न फुटलेली, संथ लाट ती दूरवरच पकडू शके. ‘अलाया’ ही त्या मानाने आखूड आणि पातळ फळी सर्वसामान्य लोक किनाऱ्याजवळच्या फुटत्या लाटांवर वापरत. एकच फळी सर्व लाटांना पुरत नाही, हे त्या दर्यावर्दी लोकांनी अनुभवाने जाणले होते.

एकोणिसाव्या शतकात तेथे हा खेळ जवळजवळ लोपला होता. पुढे त्याचे पुनरुज्जीवन झाले. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक मिळविणाऱ्या ड्यूक कहानामोकू या हवाईच्या सुपुत्राने ऑस्ट्रेलियात प्रात्यक्षिके दाखवून तो दूरवर पोहोचविला. त्या काळातील काही भरीव लाकडी फळ्यांचे वजन चाळीस किलोपेक्षाही अधिक भरे. टॉम ब्लेक यांनी पोकळ फळी घडविली आणि १९३५ मध्ये फळीच्या तळाशी पंख, म्हणजेच ‘फिन’, बसविला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस पॉलियुरेथेन फोमचा गाभा व त्यावर फायबरग्लासचे आवरण ही पद्धत रूढ झाली आणि फळी हलकी झाली. फोमला हवा तसा आकार देणे सोपे असल्याने प्रयोगांना जणू उधाण आले.

लिटरचा हिशेब

फळी निवडताना केवळ लांबी पाहणे पुरेसे नसते. लांबी, रुंदी व जाडी मिळून फळीचे घनफळ ठरते आणि ते लिटरमध्ये सांगितले जाते. घनफळ जितके अधिक, तितकी फळी स्वाराला पाण्यावर उंच तोलून धरते. त्यामुळे हातांनी वल्हवताना पाण्याचा विरोध कमी होतो आणि वेग लवकर येतो. लाट पकडण्यासाठी हा वेगच निर्णायक असतो. मंद गतीच्या स्वाराखालून लाट सरळ निघून जाते.

ढोबळ नियम असा, की नवशिक्याच्या फळीचे लिटर त्याच्या वजनाच्या किलोंइतके तरी असावेत. सत्तर किलो वजनाच्या व्यक्तीने सत्तर लिटर वा त्याहून अधिक घनफळाची, आठ ते नऊ फुटांची रुंद फळी घ्यावी. त्याच वजनाचा निष्णात स्पर्धक सुमारे सव्वीस ते अठ्ठावीस लिटरच्या फळीवर लीलया वावरतो. या दोन आकड्यांतील तफावत वर्षानुवर्षांच्या सरावाने भरून निघते, पैशाने नव्हे.

वक्रता, कडा आणि शेपूट

फळी बाजूने पाहिली असता तिची टोके किंचित वर उचललेली दिसतात. या वक्रतेला ‘रॉकर’ म्हणतात. सपाट फळी वल्हवण्यास सोपी व मंद लाटेवर वेगवान असते, परंतु उभ्या चढाच्या लाटेत तिचे नाक पाण्यात घुसण्याचा संभव असतो. अधिक वक्र फळी अशा लाटेत सुरक्षित उतरते आणि चटकन वळते, मात्र पाणी पुढे ढकलत राहिल्याने तिचा वेग मंदावतो.

फळीची कड, अर्थात ‘रेल’, जाड व गोलसर असल्यास पाणी तिला बिलगून वाहते. चाल सौम्य राहते आणि बारीक चुका पचतात. शेपटीकडील कड धारदार असल्यास पाणी झटकन सुटते व वेग वाढतो. रुंद शेपूट लहान लाटेत उचल देते, तर टोकदार शेपूट मोठ्या लाटेत पाण्याची पकड घट्ट ठेवते. एकच फिन असलेली फळी सरळ व स्थिर धावते, दोन फिनांची चपळ असते. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन यांनी तीन फिनांच्या फळीवर बेल्स बीच येथील स्पर्धा जिंकली आणि स्थैर्य व चापल्य यांचा मेळ साधणारी ती रचना जगभर मान्य झाली.

थोडक्यात, फळीच्या आकारातील प्रत्येक लाभाची काही ना काही किंमत मोजावी लागते.

खरेदीपूर्वी

सुरुवातीस मऊ पृष्ठभागाची फोमची फळी सर्वोत्तम. ती अंगावर आदळली तरी इजेचा धोका कमी असतो. शक्य असल्यास दोन-तीन आकारांच्या फळ्या भाड्याने घेऊन वापरून पाहाव्यात आणि प्रशिक्षकाला आपले वजन, सराव व किनारा सांगून सल्ला घ्यावा. जुनी फळी घेताना तडे, दाबल्यास मऊ लागणारे भाग आणि सुटलेले आवरण तपासावे. तड्यातून पाणी फोममध्ये शिरले की फळी जड होते व हळूहळू निकामी होते. पायाला बांधायची दोरी साधारण फळीच्या लांबीची असावी. फळी हातातून निसटून इतरांवर आदळू नये, यासाठी ती अनिवार्य आहे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. त्या काळात कितीही चांगली फळी नवशिक्याचे रक्षण करू शकत नाही, याचे भान असावे.

मोठ्या फळीवर शिकण्यात कमीपणा मुळीच नाही. हवाईच्या प्रमुखांनी सर्वांत लांब फळी स्वतःसाठी राखली होती, हे नवशिक्याने अवश्य ध्यानात ठेवावे.