बहात्तर तासांचा हिशेब

फुटबॉलपटू थकला की ते मैदानावर दिसतं, अशी आपली समजूत असते. तो कमी पळेल, चेंडूपाशी उशिरा पोहोचेल, कमरेवर हात ठेवून उभा राहील. ग्रेगरी द्युपाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ही समजूत मोडीत काढली. चॅम्पियन्स लीग खेळणाऱ्या एका क्लबच्या ३२ खेळाडूंवर त्यांनी दोन हंगाम लक्ष ठेवलं. आठवड्यात एक सामना खेळल्यावर काय होतं आणि दोन खेळल्यावर काय होतं, एवढाच प्रश्न होता. एकूण किती अंतर पळाले, त्यातलं किती वेगात, किती वेळा जीव तोडून धावले, हे सगळं कॅमेऱ्यांनी मोजलं. दखल घ्यावी असा फरक कशातच आढळला नाही. दुखापतींचं प्रमाण मात्र खेळाच्या दर हजार तासांमागे ४.१ वरून २५.६ वर गेलं होतं, म्हणजे जवळजवळ सहापट.

पाय तेवढेच पळत होते आणि तरी सहापट जायबंदी होत होते. युरोपीय फुटबॉलच्या वेळापत्रकावरून गेली काही वर्षं जो वाद चालू आहे, त्याचं मर्म या दोन आकड्यांत आहे. ‘खेळाडू दमले असते तर खेळ मंदावला असता की नाही?’ असं म्हणणाऱ्याला कुठलाही प्रेक्षक मान डोलावेल. थकवा मोजायची जागाच चुकते आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही.

नव्वद मिनिटांत व्यावसायिक खेळाडू साधारण दहा ते बारा किलोमीटर अंतर कापतो. मॅरेथॉनवाल्यांना हे फार वाटणार नाही. पण हे सरळ धावणं नसतं. दर चार-सहा सेकंदांनी वेग बदलतो, दिशा बदलते. मध्येच उडी, मध्येच धडक, मध्येच करकचून थांबणं. स्नायूंचं इंधन म्हणजे त्यांत साठवलेलं ग्लायकोजेन. डेन्मार्कच्या पीटर क्रुस्ट्रुप यांच्या गटाने सामन्यानंतर खेळाडूंच्या मांडीतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले, तेव्हा जवळपास निम्मे तंतू रिकामे किंवा रिकामे होत आलेले होते. भात, पास्ता, बटाटा भरपूर खाल्ला तरी ही टाकी पूर्ववत भरायला दोन ते तीन दिवस लागतात.

इंधन भरता येतं; मोडतोड दुरुस्त व्हायला मात्र जास्त वेळ लागतो. स्नायू आखडताना जोर लावतो तेव्हा त्याला फारशी इजा होत नाही. ताणला जात असतानाच जोर लावावा लागला, तर त्याच्या आतल्या सूक्ष्म रचना फाटतात. वेगात धावताना पाय पुढे झेपावतो आणि जमिनीला टेकायच्या आधी त्याला आवरावं लागतं. ते काम मांडीच्या मागच्या स्नायूंचं, म्हणजे हॅमस्ट्रिंगचं. करकचून थांबतानाही असाच भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो. सामन्यानंतर रक्तात क्रिएटिन कायनेज नावाचं विकर वाढतं, कारण ते फाटलेल्या तंतूंमधून झिरपतं. त्याची पातळी सर्वाधिक असते ती एक-दोन दिवसांनी. पायही दुसऱ्या दिवशी जास्त दुखतात. यात मज्जासंस्थाही भरडली जाते: मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम थोडा क्षीण होतो आणि कोणता स्नायू कधी आवळायचा याची वेळ किंचित चुकते. ताशी तीस किलोमीटरच्या वेगात ‘किंचित’ पुरेसं असतं.

या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये घेतला गेला. त्याचा निष्कर्ष असा, की शरीर पूर्ण पूर्वपदावर यायला ७२ तास पुरत नाहीत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

मग पळण्यात फरक का पडत नाही? एक तर व्यावसायिक खेळाडू आपली ताकद राखून वापरण्यात पटाईत असतो. दुसरं म्हणजे पन्नास हजार माणसं ओरडत असताना शरीराची तक्रार ऐकू येत नाही. उधारीवर पळता येतं, वसुली स्नायू करतो.

स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रँड २००१ पासून ‘यूएफा’ या युरोपीय फुटबॉल महासंघासाठी युरोपातल्या अव्वल क्लबांच्या दुखापतींची नोंद ठेवत आले आहेत. एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा सुरुवातीच्या हंगामात १२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो २४ टक्क्यांवर गेला. या वीस वर्षांत क्लबांनी बर्फाचे टब आणले, जीपीएसच्या बनियनी आणल्या, आहारतज्ज्ञ नेमले, झोपेचे सल्लागारसुद्धा नेमले. आणि आकडा दुप्पट झाला.

यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की उपाय माहीत आहे. गुडघे टेकून बसायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि धड सावकाश पुढे झुकवत न्यायचं. ‘नॉर्डिक’ नावाने ओळखला जाणारा हा व्यायाम नियमित केला, तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. यंत्र नको, पैसा नको. तरी तो सांगितल्याप्रमाणे पुरा करणारे बडे क्लब फारच थोडे. कारण विशेषतः सुरुवातीला पाय दुखवणारा हा व्यायाम आहे, आणि बुधवारी सामना, शनिवारी सामना, पुन्हा मंगळवारी सामना असेल तर तो करायचा कधी? गच्च वेळापत्रक नुसता भार वाढवत नाही, भार पेलायची तयारी करायला लागणारे दिवसही तेच खाऊन टाकतं. दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांना सराव म्हणतात खरं. प्रत्यक्षात ते मालीश, पोहणं आणि चित्रफिती बघणं असतं.

जुन्या पिढीतले खेळाडू यावर नाक मुरडतात. ‘आम्ही चिखलात खेळलो, तक्रार नाही केली.’ त्यांचं म्हणणं सहज उडवून लावता येत नाही. १९८३-८४ मध्ये लिव्हरपूलने सगळ्या स्पर्धा धरून ६७ सामने खेळले, तेही मोजक्या खेळाडूंच्या बळावर, आणि लीग, लीग कप व युरोपियन कप असे तिन्ही चषक घरी नेले. मग आजच्यांना काय झालं? उत्तर किलोमीटरमध्ये नाही, हे आता ओळखीचं वाटेल. २००६-०७ ते २०१२-१३ या काळात प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंनी पळलेलं एकूण अंतर जेमतेम दोन टक्क्यांनी वाढलं. जोरात पळलेलं अंतर मात्र तीस टक्क्यांच्या आसपास वाढलं आणि पूर्ण वेगातल्या धावांची संख्या तर ८५ टक्क्यांनी. त्याच नव्वद मिनिटांत आता कितीतरी जास्त हिसके आहेत, आणि स्नायू हिसक्यांनी फाटतो.

आता माणसांकडे येऊ. पेद्री २०२०-२१ मध्ये अठरा वर्षांचा होता. बार्सिलोनासाठी ५२ सामने, मग स्पेनबरोबर युरो स्पर्धा, तिथून थेट टोकियो ऑलिंपिक. क्लब आणि देश मिळून ७३ सामने. पुढच्या हंगामात मांडीच्या दुखापतींमुळे तो बार्सिलोनासाठी जेमतेम बाविसेक सामने खेळू शकला. ज्यूड बेलिंगहॅमने एकविसावा वाढदिवस येईपर्यंत क्लब व देशासाठी १८,४८६ मिनिटं खेळून घेतली होती. त्याच वयात डेव्हिड बेकहॅमच्या नावावर ३,९२९ होती. हा हिशेब ‘फिफप्रो’ या खेळाडूंच्या जागतिक संघटनेचा. ती एका पक्षाची वकील आहे हे मान्य केलं, तरी मिनिटं मिनिटंच असतात.

मँचेस्टर सिटीच्या रॉद्रीचं उदाहरण प्रत्येक जण देतो, आणि नेमकं तेच जरा जपून द्यायला हवं. सप्टेंबर २०२४ मध्ये तो म्हणाला होता की खेळाडू संपाच्या उंबरठ्यावर आहेत. त्याआधीच्या हंगामात तो ६३ सामने खेळला होता. त्या वक्तव्याला आठवडा होत नाही तोच, २२ सप्टेंबरला आर्सेनलविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. महिन्याभराने सर्वोत्तम खेळाडूचा बलोन दोर पुरस्कार स्वीकारायला तो कुबड्या घेऊन व्यासपीठावर आला. गोष्ट म्हणून हे बिनतोड आहे. पण गच्च वेळापत्रकाविरुद्धचा भक्कम पुरावा स्नायूंच्या दुखापतींबद्दलचा आहे. एका माणसाचा एक गुडघा एका कारणामुळे गेला, असं विज्ञान छातीठोकपणे सांगू शकत नाही. ज्यांची बाजू खरी आहे त्यांनी तरी पुरावा ताणू नये.

त्यापेक्षा बोलका दाखला २००२ च्या विश्वचषकाचा आहे. गतविजेता फ्रान्स एकही गोल न करता पहिल्याच फेरीत गारद झाला, अर्जेंटिनाही साखळीतच परतला. एकस्ट्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपच्या अकरा बड्या क्लबांमधले खेळाडू तपासले. अपेक्षेपेक्षा सरस खेळलेल्यांनी स्पर्धेआधीच्या दहा आठवड्यांत सरासरी ९ सामने खेळले होते, निराशा केलेल्यांनी साडेबारा. इथे मात्र थकवा खेळातही उतरलेला दिसतो. दहा आठवडे साचल्यावर.

आणि तो फक्त पायात साचत नाही. खेळाडूंच्या मानसिक गळाठ्यावर काम करणारे अमेरिकी अभ्यासक थॉमस रेडेक तीन खुणा सांगतात: शरीर-मन रितं झाल्याची भावना, आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं, आणि ज्या खेळावर जीव टाकला त्याचंच मोल वाटेनासं होणं. तिसरी खूण सगळ्यात वाईट. फ्रान्सचा राफाएल वरान २०२२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला आणि दीड महिन्यात, २९ व्या वर्षी, राष्ट्रीय संघातून बाहेर पडला. आपण वॉशिंग मशीनमध्ये असल्यासारखे सतत खेळत राहतो, थांबतच नाही, अशा अर्थाचं तो बोलला होता. एकतिसाव्या वर्षी त्याने बूट कायमचे काढून ठेवले.

खापर कुणावर फोडायचं? ‘फिफा’ने २०२५ च्या उन्हाळ्यात ३२ क्लबांचा विश्वचषक भरवला आणि शंभर कोटी डॉलरची बक्षिसं ठेवली. अंतिम सामन्यात भिडलेल्या चेल्सीचा तो हंगामातला ६४ वा सामना होता, पॅरिसच्या पीएसजीचा ६५ वा. ‘यूएफा’ने चॅम्पियन्स लीगचे सामने १२५ वरून १८९ केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये खेळाडूंची संघटना आणि युरोपातल्या लीग यांनी ‘फिफा’विरुद्ध युरोपीय आयोगाकडे तक्रार केली, ती रास्तच होती. पण लीगवाले आणि क्लबवालेही धुतल्या तांदळासारखे नाहीत. टॉटनहॅम आणि न्यूकॅसल हे दोन इंग्लिश क्लब १९ मे २०२४ ला लीगचा शेवटचा सामना खेळले आणि २२ मे रोजी मेलबर्नमध्ये एकमेकांशी मैत्रीपूर्ण सामना खेळत होते. जगाच्या दुसऱ्या टोकाला, निव्वळ तिकिटांसाठी. हिवाळी सुट्टी न मिळणाऱ्या संघांचे दुखापतींमुळे हंगामात सरासरी ३०३ खेळाडू-दिवस जास्त वाया जातात, हे २०१९ पर्यंत सिद्ध झालं होतं. इंग्लंडने ती सुट्टी २०१९-२० च्या हंगामात सुरू केली आणि २०२४-२५ ला रद्द केली. आणि रात्री साडेबाराला चहा करून टीव्हीपुढे बसणारे आपणही या मागणीत आहोत.

या गच्च वेळापत्रकाची चव गोव्यानेही घेतली आहे. २२ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यात एफसी गोवाविरुद्ध सौदी अरेबियाचा अल नस्र क्लब खेळायला आला, आणि ज्याच्यासाठी तिकिटं काढली तो रोनाल्डो विमानात बसलाच नव्हता. त्याच्यावरचा ताण सांभाळण्यासाठी त्याला मागे ठेवल्याच्या बातम्या आल्या. हिरमोड झाला, यात शंका नाही. पण चाळिशीतल्या खेळाडूला आठवड्याच्या मध्यावर हजारो किलोमीटर न नेणं हा वैद्यकीयदृष्ट्या शहाणपणाचाच निर्णय होता. आपल्याकडची अडचण अगदी उलटी आहे, हेही सांगून टाकायला हवं. २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) संघाच्या वाट्याला साखळीचे २४ सामने होते आणि पुढचा हंगाम तर कित्येक महिने अडून राहिला. सामन्यांअभावीही स्नायू कच्चा राहतो.

जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ‘फिफा’ने काही खेळाडू संघटनांबरोबर बैठक घेतली, ‘फिफप्रो’ तिथे नव्हती. दोन सामन्यांमध्ये किमान ७२ तास आणि हंगामाअखेर किमान २१ दिवस विश्रांती हवी, यावर एकमत झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे शरीराला जे पुरत नाही असं संशोधन सांगतं, तेच प्रमाण म्हणून मांडलं गेलं. एकदा-दोनदा ७२ तासांत पुन्हा खेळल्याने कुणी कोसळत नाही. ते सहा-सात आठवडे सलग चालू राहिलं की कोसळतं. म्हणून मर्यादा घालायची तर ती लागोपाठच्या अशा सामन्यांवर आणि हंगामाच्या एकूण सामन्यांवर घालायला हवी. चाळीस ते पन्नास सामन्यांपर्यंतच सर्वोच्च दर्जाचा खेळ होतो, असं रॉद्रीचं म्हणणं होतं.

२०२६ चा विश्वचषक ४८ संघांचा, १०४ सामन्यांचा. अंतिम सामन्याची तारीख १९ जुलै ठरली आणि प्रीमियर लीगच्या नव्या हंगामाची २२ ऑगस्ट. मधले दिवस ३३. त्यातून २१ दिवसांची विश्रांती खरोखर दिली, तर अंतिम सामना खेळलेल्याच्या पायांना नव्या हंगामासाठी तयार व्हायला उरतात बारा दिवस.