मराठवाड्यातील तुर्की षष्ठीचे अवशेष

चौदाव्या शतकाच्या मध्यापासून १९४८ पर्यंत कंधार, उदगीर आणि औसा या किल्ल्यांवर ज्यांचा अंमल राहिला, त्यांपैकी अनेक घराण्यांचे मूळ तुर्की होते: बिदरच्या बरीदशाहीचा संस्थापक कासिम बरीद तुर्की वंशाचा, १६३१ मध्ये कंधार आणि १६३६ मध्ये उदगीर व औसा घेणारे मोगल चगताई तुर्कीत लिहिणाऱ्या बाबराचे वंशज, तर १७२४ नंतरचे निजाम समरकंदकडील घराण्यातले. तरीही तुर्की येथे दफ्तराची भाषा झाली नाही. तो मान फारसीचा आणि १८८४ पासून उर्दूचा होता, त्यामुळे नांदेड-लातूरकडच्या मराठीत तुर्की शब्द आले ते मुख्यतः फारसीच्या हातून आणि आपली घडण विसरूनच.

ही घडण मराठीहून निराळी आहे. आजच्या तुर्कीत 'एव' म्हणजे घर, 'एविम' म्हणजे माझे घर आणि 'एविमदे' म्हणजे माझ्या घरात. मालकीचा प्रत्यय आधी लागतो व विभक्तीचा नंतर, आणि व्याकरणिक लिंगच नसल्याने मराठी षष्ठीप्रमाणे 'चा-ची-चे' असे रूप पालटावे लागत नाही.

यातला मालकीचा प्रत्यय मराठवाड्यात गोठून राहिला तो 'बेगम' या शब्दात. सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या व्युत्पत्तीनुसार 'बेग', म्हणजे सरदार, याला 'माझा' या अर्थाचा 'इम' लागून तो बनला, आणि 'खान'वरून 'खानम' तसाच. म्हणून 'बेगमेचा' म्हणताना एका षष्ठीवर दुसरी चढते, पण हे कोणालाही खटकत नाही. गोवळकोंड्याच्या सुलतान कुलीच्या नावातील 'कुली'तही 'कुल', म्हणजे दास, याला तृतीयपुरुषी 'ई' जोडलेला आहे, मात्र स्थानकावरच्या कुलीशी त्याचे नाते जोडण्याचा मोह आवरलेला बरा.

तुर्की 'ची' मात्र जिवंत राहिला, कारण तो विभक्तीचा नसून काम करणारा दाखवणारा प्रत्यय आहे: 'तोपची', आणि मूळ अरबी शब्दाला लागलेला 'मशालची'. मराठी षष्ठीच्या 'ची'शी त्याचे केवळ रूप जुळते. शब्द घडवणारा प्रत्यय अर्थासह परक्या भाषेत रुजू शकतो, पण वाक्यातील संबंध दाखवणारा प्रत्यय क्वचितच रुजतो. तुर्कीची विभक्ती मराठवाड्यात आली नाही ती याच कारणाने, आणि तिचा मालकीचा प्रत्यय उरला तो नांदेड-लातूरकडील स्त्रियांच्या नावांत, 'बेगम'च्या शेवटच्या अक्षरात.